लाकडांना बोलावणं नसतं

सुगंधाच्या लग्नाची लाकडं शनिवारी फोडायची, हे माकुणसारात कुणी कुणाला सांगितलं नव्हतं आणि सांगायचंही नसतं. लग्नाची पत्रिका येते, हळदीला बोलावणं येतं, बांगड्या भरायलासुद्धा कुणीतरी दारात येऊन सांगून जातं. लग्नघरची लाकडं फोडायला मात्र बोलावणं नसतं. ज्याला यायचं तो आपली कुऱ्हाड खांद्यावर टाकून येतो. ज्याला यायचं नसतं तो येत नाही, आणि गावाला वर्षभर चघळायला विषय मिळतो.

बोलावणं नसण्यात एक सोय होती. रुसलेल्या माणसाला परत यायला यापरता दुसरा दिवस नव्हता. कुणी पाय धरायला नकोत, कुणी चुकलं म्हणायला नको. यायचं, चार घाव घालायचे, चहा प्यायचा आणि पुन्हा भाऊ व्हायचं. गावातली निम्मी भांडणं अशी लाकडं फोडता फोडताच मिटली होती.

पहिला घाव घराण्यातल्या वडील पुरुषाचा. त्याची बायको ओंडक्याला आणि कुऱ्हाडीला हळदकुंकू लावते, तो घाव घालतो आणि कुऱ्हाड नवरीच्या बापाच्या हातात देतो. वडील आलाच नाही तर मान पुढच्याकडे जातो, आणि एकदा गेलेला मान परत मागे येत नाही. लोक समजून जातात की त्या माणसाचा या घराशी आता काही संबंध उरला नाही.

राऊतांच्या घरात वडील म्हणजे वामन. आणि चार वर्षं झाली, वामनने धाकट्या भावाच्या, कमलाकांतच्या, उंबऱ्यावर पाय ठेवला नव्हता.

म्हणून मंगळवारी कमलाकांतची सुगंधा एकटीच केळव्याला गेली. आईला तिने मैत्रिणीला पत्रिका देऊन येते असं सांगितलं. ते खोटं नव्हतं, मैत्रिणीला पत्रिका दिलीच. पण तिचे पाय तिथून थेट वामनच्या बायकोच्या, हिराच्या, माहेरच्या वाडीकडे वळले. मुलगा हरू गेल्यापासून वामन आणि हिरा तिथे राहत. वामन पोफळींच्या सावलीत पानवेली बांधत होता. पाठ थोडी वाकली होती. सुगंधाला ते बघवलं नाही, कारण दहा वर्षांची होईपर्यंत ती याच पाठीवर बसून हिंडली होती.

"आबा," ती म्हणाली.

वामनने मान वळवली. "एकटीच आलीस?"

"हो."

"उन्हाची कशाला येतेस गो? हिरा, पोरीला शहाळं दे."

हिराने शहाळं सोललं. सुगंधाने ते हळूहळू प्यायलं, खोबरं खाल्लं. सासर डहाणूकडे आहे, सासू तापट आहे म्हणतात, नवरा तारापूरला विजेच्या कारखान्याचं बांधकाम चाललंय तिथे कारकून आहे, असं सगळं सांगून झालं. सांगायचं होतं ते राहिलंच. वामन वेलीला गाठ मारत होता. घरात भिंतीवर हरूचा फोटो होता, त्याला ताजं फूल होतं.

"शनवारी लाकडं हायत," ती शेवटी म्हणाली. या म्हणाली नाही. लाकडांना या म्हणत नाहीत.

वामनने गाठ पक्की केली आणि दुसरी वेल हातात घेतली.

हिरा तिला वाडीच्या झावळ्यांच्या फाटकापर्यंत सोडायला आली. "बापाला सांगू नको इकडे आलेलीस ते," ती खालच्या आवाजात म्हणाली. "आईला पण नको."

"का गो मोठी आय?"

"तुज्या बापाला कळलं का तो पहाटेपासून वाटेवर उभा राहील. वाट बघणारं माणूस लांबून दिसलं का हे तिथूनच मागे फिरतील. मी वळखते ना यांना. कुणी बघत नसलं तरच येतील."

"येतील?"

"मला काय ठाव," हिरा म्हणाली, पण तिने सुगंधाचा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

बुधवारी दुपारी जेवून हिरा आडवी झाली होती, तेव्हा तिला मागच्या पडवीतून दगडावर लोखंड घासल्याचा आवाज आला. ती उठली नाही. उठून गेली असती तर नवऱ्याने हातातलं टाकून दिलं असतं. माळ्यावरची कुऱ्हाड चार वर्षांत कुणी खाली काढली नव्हती आणि खाऱ्या वाऱ्यात तिला मणभर गंज चढला होता. घासायचा आवाज थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. हिरा भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. गुरुवारीही तो आवाज आला. शुक्रवारी वामनने दांड्याला नवी पाचर ठोकली आणि हिराला विचारलं, "माजा तो पांढरा सदरा कुटं हाय?"

*

त्याच शुक्रवारी दुपारी कमलाकांत लग्नाचे ओंडके ट्रकमध्ये भरून बोईसरला आपल्या वखारीत घेऊन आला.

वखारीत आता दोन मशिनी होत्या. जुनी गोल करवत, तिच्यावर ओंडके हातभर लांबीचे कापून निघत. आणि तिच्यापलीकडे, दोन वर्षांपूर्वी मुंबईच्या एका मिस्त्रीकडून घडवून आणलेली लाकूड फोडायची मशीन. मिस्त्रीने तिला काहीतरी लांबलचक नाव सांगितलं होतं, पण वखारीतली माणसं तिला ढकल्या म्हणत. एका मोठ्या जड चाकाला इंजिनाचा पट्टा लावलेला, आणि त्या चाकाच्या जोरावर लोखंडी पाचर आडवी पुढे यायची आणि मागे जायची. समोर लाकूड ठेवलं की दोन फाका. लाकूड असो की नसो, ती आपली येत राहायची आणि जात राहायची. जिथे आठ माणसं दिवसभर कुऱ्हाडी चालवत, तिथे आता नांदेडकडचा पंढरी एकटा उभा राहून तारापूरच्या बांधकामावरच्या ठेकेदारांच्या साऱ्या खानावळींना पुरेल एवढं जळण फोडत होता.

"मालक, चिंच लई चिवट हाय," पंढरी ओरडून म्हणाला. "पर ढकल्याम्होरं चिंचंचं काय चालतंय."

कमलाकांतने मान हलवली. तो करवतीकडे बघत नव्हता. तो कधीच बघत नसे.

त्या करवतीच्या पट्ट्यात चौसष्ट सालच्या थंडीत हरूची शाल गेली होती. हरेश्वर, वामनचा एकुलता एक, एकोणीस वर्षांचा. सकाळी थंडी म्हणून शाल गुंडाळून आला आणि इंजीन चालू असताना, पट्टा घसरू नये म्हणून त्यावर राळ टाकायला वाकला. कमलाकांत पाच पावलांवर होता. पाच पावलं आणि इंजीन बंद करायचा दांडा, एवढंच अंतर. तो धावला, पण पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्याबद्दल वामन एका शब्दाने त्याला काही बोलला नाही, हे खरं. त्याने बोलणं सोडलं ते नंतर. तेव्हा दोघा भावांची बिऱ्हाडं वखारीमागच्या खोल्यांत होती. हरूचं तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी सकाळी कमलाकांतने पट्टा चढवून मशीन सुरू केली. दोन दिवसांनी वामनने सामान बांधलं आणि केळव्याला गेला. पुढे कमलाकांतही त्या खोल्यांत राहिला नाही. माकुणसारात घर बांधून तिकडे गेला.

का केलं, ते कमलाकांतने कुणाला सांगितलं नाही. लोक म्हणाले, पैशाच्या मागे लागलाय. त्याला स्वतःला एवढंच आठवत होतं की आज हात लावला नाही तर पुन्हा कधीच लावता येणार नाही असं त्याला वाटलं होतं, आणि बंद इंजिनाची शांतता त्याला सोसवत नव्हती. चढवताना पट्टा दोनदा त्याच्या हातातून निसटला. हे दादाला सांगायचं होतं. पण दादा तोंड दाखवेना, आणि यालाही जायला तोंड नव्हतं.

बुधा फोडलेली लाकडं ट्रकमध्ये रचत होता. हा वखारीतला सगळ्यात जुना माणूस, डोंगराकडच्या वारली पाड्यावरचा. मशिनी यायच्या आधी वामन आणि तो एकाच ओंडक्यावर समोरासमोर उभे राहून आळीपाळीने घाव घालत. चारसहा खेपा झाल्यावर तो थांबला.

"शेट, ही पोरीच्या लगनाची लाकडं ना?"

"हो."

"मशनीवर फोडतोस?"

"हो."

"उंद्या लोक येतील कुराडी घेऊन. ते काय फोडतील?"

"च्या पितील. गप्पा मारतील. उलट बरं, घाम नाय गाळायला लागणार."

बुधाला ते पटलं नाही. "आन वामनदादा?"

कमलाकांत बुधाला घेऊन पंढरीपासून जरा लांब गेला. नोकराजवळ बोलू नये अशा गोष्टी माणूस नोकराजवळच बोलतो.

"दादा येणार नाय, बुधा. चार वर्षांत आला नाय तो आता येतो? आणि तो आला नाय का पहिला घाव दामूचा. चुलतभाऊ हाय, नंबर त्याचाच. आठ दिवस झाले, कुराड पाजळून बसलाय. सगळ्या भाऊकीसमोर दादाचा मान मी दामूच्या हातात कसा देऊ? मला ते बघवणार नाय." तो थांबला. "लाकडं आधीच फुटलेली असली का घावच नाय. घाव नाय म्हणजे मान कुणाला द्यायला नको. दादाचा हाय तो दादाचाच राहील. मला मरेपर्यंत बोलला नाय तरी चालेल, पण राहील त्याचाच."

बुधाने डोकं खाजवलं. "एक तरी ओंडका ठेव शेट. कुणी सांगावं."

"एक ठेवला तर त्याच एकावर दामू घाव घालील."

बुधा पुन्हा लाकडं रचायला गेला. दिवस कलायच्या आत शेवटचा ओंडका करवतीवरून ढकल्यापर्यंत गेला आणि पाचर रिकामीच दोनतीनदा येऊन गेल्यावर पंढरीने इंजीन बंद केलं.

दिवेलागणीला ट्रक घरी पोहोचला. काशीबाईने लाकडं पाहिली, नवऱ्याचं तोंड पाहिलं आणि काय झालं ते तिला न सांगताच कळलं. तिलाही दामोदरच्या हातून घाव नकोच होता. त्या घावामागून उद्या त्याच्या नि आपल्या वाडीमधल्या हद्दीचा वाद निघाला असता. "बरं केलंत," ती म्हणाली. सुगंधा घरात नव्हती. मामाने केळवणाला सफाळ्याला नेली होती, ती सकाळी येणार होती.

*

शनिवारी उजाडता उजाडता माणसं यायला लागली. सगळ्यांच्या खांद्यावर कुऱ्हाडी, काहींच्या हातात घण आणि पाचरी. अंगणात येऊन जो तो थबकायचा. मांडवाच्या कडेला छातीएवढी रास लागली होती. सगळी लाकडं एका मापाची, दोन्ही टोकं सुरीने कापल्यासारखी सपाट, आणि अंगणात एक ढलपी नाही.

दामोदर धुतलेलं धोतर नेसून आला होता. त्याने राशीला एक प्रदक्षिणा घातली.

"कमळू, हे काय?"

"म्हटलं तुमाला त्रास नको," कमलाकांत म्हणाला. "बसा. काशी, च्या आण."

"चाळीस वरसं लग्नाची लाकडं फोडतोय," दामोदर ओट्यावर टेकत म्हणाला, "पण फुटलेल्या लाकडांकडे बघायला आज पयल्यांदा आलोय. उद्या लगीन पण मशीनीवर लाव. भटाचा खर्च वाचेल."

माणसं हसली. हसू मोकळं नव्हतं. कुऱ्हाडी भिंतीला टेकवून लोक बसले आणि आता हातांचं काय करायचं ते कुणाला समजेना. दामोदरची बायको पुष्पलता बायकांसोबत टोपली घेऊन आली होती. पहिल्या घावाच्या ढलप्या बायका वेचतात आणि त्यांनीच लग्नाची पहिली चूल पेटवतात. तिने रिकामी टोपली काशीबाईला दाखवली. "आमी काय वेचायचं गो? चूल रॉकेलवर लावशील काय?" काशीबाईने तिच्या हातात चहाचा कप दिला. कमलाकांत सगळ्यांच्या टोमण्यांना हसून मान डोलावत होता. त्याला ते टोमणे कमी वाटत होते. कुणी वामनचं नाव काढलं नव्हतं, आणि त्याने एवढा खटाटोप केला होता तो त्याचसाठी.

इतक्यात सुगंधा आली. रेल्वेने केळवा रोडला उतरून तिथून चालत. नवी बांगडी, केसांत मोगरा. ती अंगणात शिरली आणि तिची नजर ओंडके शोधू लागली.

"बाबा, ओंडके?"

"झाले फोडून. काल वखारीत नेले."

"सगळे?"

"सगळे. का?"

सुगंधा बापाचा हात धरून त्याला पडवीत घेऊन गेली. "बाबा, आबा येतायत."

"कोण आबा?"

"आपले आबा. मी मंगळवारी गेलेली केळव्याला. मोठी आयने सांगितलं कुणाला बोलू नको, म्हणून नाय बोलली. ते बोलले नायत येतो म्हणून. पण येतायत. मला म्हायत हाय."

कमलाकांत मागच्या दाराने बाहेर धावला. गोठ्याच्या मागे, न्हाणीपाशी, कुंपणाला, जिथे जिथे एखादं जाड लाकूड असू शकेल तिथे त्याने पाहिलं. लग्न म्हणून काशीबाईने घरामागचा सगळा पसारा कालच साफ करून घेतला होता. वाडीत झाडं होती, पण ती उभी होती. चालणार नाही हे ठाऊक असूनही एका माणसाला त्याने शेजारी पिटाळलं, दुसऱ्याला देवळाकडे. वखारीत विकाऊ लाकडाचे डोंगर ठेवणारा माणूस घरच्या एका ओंडक्यासाठी घरामागे पळत होता.

"कमळू," अंगणातून दामोदरचा आवाज आला. त्या आवाजात थट्टा नव्हती. "बाहेर ये."

*

वामनने केळव्याहून पहाटेच पाय उचलला होता. वाटभर तो आणि हिरा काही बोलले नाहीत. काय करायचं ते त्याचं ठरलेलं होतं. कुणाकडे बघायचं नाही. ओंडक्यापाशी जायचं, घाव घालायचा आणि कुऱ्हाड कमळूच्या हातात द्यायची. बोलायचं नाही. बोलायला गेलं की हरू मध्ये येणार. कुऱ्हाड दिली की झालं. त्यात सगळं आलं.

अंगणात शिरताच त्याला माणसं दिसली, चहाचे कप दिसले, भिंतीला टेकलेल्या कुऱ्हाडी दिसल्या. मग रास दिसली. तो तिच्यापाशी गेला. एक लाकूड हातात घेतलं, त्याच्या सपाट टोकावरून अंगठा फिरवला. त्या टोकावर करवतीचे गोल गोल ओरखडे होते. कुठल्या करवतीचे ते त्याला विचारायला नको होतं.

कमलाकांत घरामागून आला तेव्हा त्याच्या धोतराला कुसळं लागली होती. दोघे चार वर्षांनी समोरासमोर आले.

"चांगली फुटलीत," वामन म्हणाला. त्याने लाकूड जागच्या जागी ठेवलं.

"वामनदादा, मी आलो तेवाच म्हटलं ह्याला," दामोदर पुढे झाला. तासाभरापूर्वी याच मानासाठी तो आला होता, पण वडील माणूस दारात पाहून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि तेही खरं होतं. "तू बस. मी आणतो ओंडका. माज्या घरून आणतो."

"दुसऱ्याच्या घरचं लाकूड लग्नाला घेत नायत, दामू. तुला ठाव हाय." वामन सुगंधाकडे वळला. तिच्या डोक्यावर हात ठेवला. "सुखात राहा," तो म्हणाला. मग कुऱ्हाड खांद्यावर टाकून तो आला तसा बाहेर पडला.

हिरा मागे राहिली. तिने बरोबर आणलेल्या ताटावरचं फडकं काढलं. हळद, कुंकू, नारळ. राशीतल्या वरच्याच एका लाकडाला तिने बोटाने हळदकुंकू लावलं आणि नारळ काशीबाईच्या ओटीत घातला. "कार्य थांबू नये," ती म्हणाली.

"बाय, आमाला ठाऊक नव्हतं गो," काशीबाई रडत म्हणाली. "या पोरीने एक शब्द काढला असता..."

"तिला नको बोलूस. मीच तिचं तोंड बांधलं होतं. मला वाटलं, मी लई शाणी." हिराने फडक्याची घडी घातली. "तीन दिवस गंज काढत होते गो. बोटं फुटली त्यांची. मी विचारलं पण नाय, म्हटलं नजर लागेल." आणि ती नवऱ्याच्या मागे निघाली.

अंगणात कुणी हलत नव्हतं. सुगंधा ओट्याच्या पायरीवर बसून हुंदके देत होती. दामोदरने कमलाकांतच्या पाठीवर थाप मारली. "उभा काय राहिलास? पाण्यात काठी मारून पाणी तुटत नाय. जा मागून."

*

खाडीकाठच्या खाजणाच्या बांधावर कमलाकांतने भावाला गाठलं. त्याला धाप लागली होती. हिराने दोघांकडे पाहिलं आणि ती पुढे चालत राहिली.

"दादा, थांब."

वामन थांबला.

"तुजा मान दामूला द्यायला लागू नये म्हणून केलं. दुसरं काय नव्हतं माज्या मनात. आईशपथ. मला वाटलं तू येणार नायस."

"मला पण मंगळवारपर्यंत तसंच वाटत होतं," वामन म्हणाला.

"वाडीतला आंबा पाडतो. आता पाडतो. तू घाव घाल."

"ओलं लाकूड लग्नाच्या चुलीत घालत नायत कमळू. ते रडतं."

बांधाच्या दोन्ही बाजूंना ओहोटीचा चिखल पसरला होता. वामनने कुऱ्हाड खांद्यावरून उतरवून दांडा जमिनीवर टेकवला. त्याच्या बोटांना खरंच चिंध्या बांधलेल्या होत्या. त्या बघून कमलाकांतने मान खाली घातली.

"मशीनीचा राग हाय तुला," तो म्हणाला. "त्या चौदाव्या दिवसाचा. मला म्हायत हाय. मी पैशासाठी नाय सुरू केली, दादा. मला ती शांतता..."

"पैशासाठी केलीस असं मी कधी म्हटलं?"

"मग?"

वामन बोलला तेव्हा आवाजात राग नव्हता, आणि कमलाकांतला तेच जास्त लागलं.

"तेरावं झालं त्या रात्री मी हिराला म्हटलं, पोराचा जीव गेला तिथे माती साचू द्यायची नाय. वखारीवर माणसं पोटाला हायत. पट्टा मी चढवीन. मी बाप हाय त्याचा. मी चढवला म्हणजे मग त्या मशीनीला कुणी शिव्या देणार नाय, आणि तुला पण नाय. हिरा म्हणाली, एक दिवस थांबा, उद्या चतुर्दशी हाय, परवा जा. म्हटलं ठीक, परवा. दुसऱ्या सकाळी दाढी करायला बसलो आणि इंजिनाचा आवाज आला."

कमलाकांत त्याच्याकडे बघत राहिला.

"माज्यासाठी तुला एकच दिवस थांबायचं होतं," वामन म्हणाला. "काल पण तेवढंच."

"सांगायचंस तरी, दादा. चार वर्षांत एकदा तरी सांगायचंस."

"आज आलो होतो ना."

वामनने कुऱ्हाड पुन्हा खांद्यावर घेतली. पुढे हिरा उभी होती, तिच्याकडे तो चालत गेला. तो मागे वळेल म्हणून कमलाकांतने बरीच वाट पाहिली. दोघं बांधाच्या वळणावर दिसेनाशी झाली.

मग कमलाकांत तिथेच बांधावर बसला. हरू गेला तेव्हा त्याने डॉक्टर आणला होता, लोकांना कळवलं होतं, दहावं-तेरावं निस्तरलं होतं, चाळीस माणसांना कामाला लावलं होतं. रडायचं तेवढं राहून गेलं होतं. आता त्याला रडू आलं, आणि ते आवरेना. घरी भाऊकी चहा पिऊन त्याची वाट बघत होती, काशीबाईने एकाला शोधायलाही पाठवलं, पण तो उठला नाही.